मसाला दिवाळीपर्यंत टिकवायचा तर

चैत्री पौर्णिमेची येडेश्वरीची यात्रा उरकते, रानात चुना वेचून होतो, आमराईत गेलेली पालखी पुन्हा डोंगरावर येते, आणि येरमाळ्यातल्या घराघरांत पुढचा विषय निघतो तो मिरच्यांचा. पाहुणे गेले, आता ऊन धरून मिरच्या वाळवायच्या, धने निवडायचे, खोबरं भाजायचं आणि वळवाच्या सरी सुरू व्हायच्या आत कांडप उरकायचं. कळंब, वाशी, भूम, बार्शी या सगळ्या पट्ट्यात उन्हाळ्याचा हा ठरलेला कार्यक्रम आहे. वर्षाचं तिखट, वर्षाचा काळा मसाला, आणि घरात लग्न असेल तर जोडीला येसर.

तक्रारही दरवर्षी ठरलेलीच. आखाडात मसाल्याला जो वास होता तो दसऱ्याला उरला नाही. तिखटाचा लाल रंग विटकरी झाला. डब्याच्या तळाशी गोळे झाले. संक्रांतीला झाकण उघडलं तर खवट भपकारा. मग दोष मिरचीला जातो, दुकानदाराला जातो, आणि काही घरांत अजूनही सुनेच्या हाताला जातो. माझ्या मते यातले तिघेही बहुतेक वेळा निर्दोष असतात. मसाला बिघडतो तो कुटताना झालेल्या घाईमुळे, चुकीच्या डब्यामुळे, चुकीच्या जागेमुळे, आणि सगळ्यात जास्त म्हणजे वर्षाचा मसाला एकाच दिवशी कुटून टाकण्याच्या हट्टामुळे.

या हट्टामागे एके काळी कारण होतं. उखळ-मुसळाचं काम, चार जणी जमवायच्या, पावसाळ्यात ऊन नाही; मग एकदाच काय ते उरकलेलं बरं. आज कांडप यंत्र गावात किंवा शेजारच्या गावात असतं. तरीही आपण वर्षाचं एकदम कुटतो आणि पुढचे सहा महिने त्याचा वास कमी कमी होताना बघतो.

वास जातो कुठे?

धना, जिरं, लवंग, दालचिनी, वेलदोडा या सगळ्यांचा वास म्हणजे त्यांच्यातलं उडून जाणारं तेल. अख्ख्या दाण्यात ते तेल बारीक पेशींमध्ये बंद असतं, म्हणून वर्षापूर्वीची लवंग नखाने दाबली तरी बोटाला तेल लागतं. कुटलं की पेशी फुटतात आणि तेल मोकळ्या हवेला लागतं. काही उडून जातं, काही हवेतल्या प्राणवायूशी मिळून बदलतं. तो बदललेला वास म्हणजे आपण ज्याला जुनाट वास म्हणतो तो.

आता गंमत पाहा. लवंगेत हे तेल वजनाच्या पंधरा ते वीस टक्के असतं. आपल्याकडच्या धन्यात ते एक टक्कासुद्धा नसतं. आणि काळ्या मसाल्यात मिरचीच्या खालोखाल वजन कशाचं, तर धन्याचं. म्हणजे ज्याचा वास मुळातच तुटपुंजा, त्याचाच भरणा मोठा. मसाला शिळा लागायला लागतो तेव्हा लवंग-दालचिनी शाबूत असतात, गेलेला असतो तो धना. म्हणून लवंग महाग मिळाली म्हणून हळहळण्यापेक्षा धने यंदाचे आहेत ना हे बघावं. चार दाणे तळहातावर घेऊन अंगठ्याने चुरडा. ताजा असेल तर गोडसर, किंचित लिंबासारखा वास लगेच येतो. नुसता भुशासारखा वास आला तर दुसऱ्या पोत्यात हात घाला.

तिखटाचं वेगळं आहे. मिरचीचा तिखटपणा चिवट असतो, तो सहजासहजी जात नाही. जातो तो रंग. बेडगीला तो गडद लाल रंग देणारं द्रव्य उजेडाने आणि हवेने विटतं. म्हणून पारदर्शक बरणीत, खिडकीशेजारी ठेवलेलं तिखट दोन-तीन महिन्यांत फिकट होतं आणि आपल्याला वाटतं दुकानदाराने जुना माल मारला. कर्नाटकात हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीच्या बाजारात आणि आंध्रातल्या गुंटूरला व्यापारी मिरचीची पोती शीतगृहात ठेवतात ती मुख्यत्वे हा रंग राखण्यासाठी. हळदीलाही उजेड मानवत नाही, तिचाही पिवळा रंग उन्हात उतरतो.

वासासाठी जिवापाड जपला जाणारा आणखी एक माल जगात आहे, तो म्हणजे हॉप्स. बिअरला कडवटपणा आणि वास देणारी ही एका वेलीची फुलं. आपल्या देशात हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात ती पिकतात. फुलाच्या पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी, चिकट पूड असते आणि सगळा गुण तिच्यातच असतो. उबेला आणि हवेत राहिली की काही महिन्यांत या फुलांना जुन्या चीजसारखा वास मारू लागतो. म्हणून बिअर करणारे लोक ती वाळवून, दाबून, हवा काढलेल्या चंदेरी पिशव्यांत भरतात आणि थेट डीप फ्रीझरमध्ये ठेवतात. पिशवी फोडली तर उरलेला माल पुन्हा हवा काढून बंद करतात. पिकं वेगळी, पण सांभाळायची रीत धन्याला आणि हॉप्सला एकच लागू पडते: हवा, उजेड, ऊब आणि ओल या चारींपासून लांब.

हवा तोडण्याची ही अक्कल आपल्याकडे नवी नाही. मराठवाड्यात ज्वारी पेवात आणि बळदात ठेवत. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं प्रसिद्ध होती. जमिनीखाली खोल, तोंडाशी मातीने बंद. आतला माल थोडा श्वास घेतो, प्राणवायू संपतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि कीड गुदमरून मरते. म्हणूनच पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नसे. हवा खेळू देऊन, कंदील खाली सोडून बघत. हरिपूरच्या बऱ्याच पेवांची २००५च्या महापुरात वाट लागली. आपल्या स्वयंपाकघरात पेव खणायचं नाही, पण डब्यातली रिकामी जागा कमी करणं तर आपल्या हातात आहे.

मिरची घेताना आणि वाळवताना

नवी मिरची बाजारात फेब्रुवारीपासून येते, एप्रिलपर्यंत भरपूर असते. रंगाला बेडगी, झणक्याला लवंगी किंवा गुंटूर, आणि ज्यांना जुनी चव हवी ते संकेश्वरी शोधतात. कोणतं मिश्रण करायचं हे ज्याच्या त्याच्या घरचं. मी सांगणार ते ओलीबद्दल. वाहतुकीत मिरची तुटू नये म्हणून, आणि वजन भरावं म्हणूनही, पोत्यांवर पाणी मारलं जातं. अशी मिरची हाताला मऊ, चामड्यासारखी लागते. मूठभर घेऊन कानाशी हलवा. नीट वाळलेल्या मिरचीत बिया खुळखुळतात. देठाजवळ आतून काळं किंवा पांढुरकं दिसत असेल तर ती बुरशी आहे. त्या पोत्यातली एकही मिरची घेऊ नका, कारण काही बुरशा अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडतात आणि ते भाजून, कुटून, आमटीत उकळूनही जात नाही. यकृतावर त्याचा वाईट परिणाम होतो. स्वस्तात मिळाली म्हणून देठं काढून, पुसून घेऊ, असा विचार इथे महागात पडतो.

वाळवण स्वच्छ धोतरावर किंवा जुन्या साडीवर पातळ पसरावं. येरमाळ्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात दोन दिवस पुष्कळ, फार तर तिसरा. मिरची मोडली की कडकन आवाज आला पाहिजे. आवाज आल्यानंतरही उन्हात ठेवत राहणं म्हणजे रंग स्वतःच्या हाताने घालवणं. दुपारी चारनंतर बालाघाटाच्या बाजूने ढग दिसले की वाळवण आत. एकदा वळवात भिजलेली मिरची पुन्हा वाळवून तिखट करता येतं, पण ते टिकत नाही; ते लगेच वापरायला ठेवा.

देठं खुडायची ती वाळल्यावर, आणि कांडपाच्या आदल्या दिवशी. देठ काढलेल्या मिरचीला हवा आत शिरायला वाट मिळते, म्हणून जी मिरची पुढे ठेवायची आहे ती देठासकटच राहू द्या.

दगडफूल, तमालपत्र, नागकेशर, जायपत्री यांना ऊन दाखवायचं ते तासाभरापुरतं. दगडफूल ओल फार धरतं, त्यात माती आणि झाडाची सालही निघते; ते निवडणं कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नये. लवंग पाण्यात टाकून बघा. तेल असलेली लवंग बुडते किंवा उभी तरंगते. आडवी पडून तरंगणारी म्हणजे तेल काढून घेतलेली किंवा फार जुनी. मोठ्या वेलदोड्याला धुराचा वास येतो तो दोष नव्हे. सिक्कीमकडे तो भट्टीवर वाळवतात.

खोबऱ्याचं काय करायचं

इथे जरा थांबायला हवं, कारण काळा मसाला खवट होतो तो बहुतेक वेळा खोबऱ्यापायी.

सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांहून अधिक तेल असतं. हे तेल तसं हवेला दाद न देणारं आहे, पण ओल आणि बुरशी लागली की ते फुटतं आणि त्यातून निघणाऱ्या आम्लांना साबणासारखी चव असते. पावसाळ्यात मसाल्याची आमटी घशाशी साबणासारखी लागली, असं कोणी म्हटलं तर ते खोबरंच आहे असं समजा. खसखस दुसऱ्या तऱ्हेने बिघडते. तिचं तेल हवेनेच लवकर खवट होतं. तीळ मात्र गुणी. त्याच्यातच तेल टिकवणारी द्रव्यं असतात, म्हणून भाजलेला तीळ या दोघांपेक्षा बराच काळ तग धरतो.

आणि भाजायला घेतलेलं तेल? मराठवाड्यात करडईच्या तेलाचा वापर जुना. खायला ते उत्तम, पण मसाला भाजून ठेवायला वाईट, कारण त्यात मोठा वाटा असलेलं लिनोलिक आम्ल हवेशी झटकन मिळतं. प्रत्येक जिन्नस वाटीभर तेलात तळून काढायची रीत असेल त्या घरात मसाला काळाभोर, चकचकीत दिसतो आणि भाद्रपदात खवट होतो. टिकवायचा मसाला कोरडा भाजावा. फारच वाटलं तर हिंगाचा खडा आणि हळकुंड तेवढं चमचाभर तेलात फुलवून घ्यावं.

माझा सल्ला सरळ आहे, पटला तर घ्या. साठवणीच्या मसाल्यात खोबरं आणि खसखस घालूच नका. आमटीच्या दिवशी तव्यावर खोबऱ्याचा तुकडा भाजा, चमचाभर खसखस परता, कांद्याबरोबर वाटा आणि फोडणीत घाला. दहा मिनिटांचं काम आहे. सासूबाईंच्या पिढीला हे पटायला वेळ लागतो, कारण मसाला म्हटला की त्यात खोबरं हवंच. त्यांना दोन्ही मसाल्यांची आमटी दसऱ्याला शेजारी शेजारी वाढून बघा, बाकी बोलायची गरज पडत नाही. ज्यांना खोबऱ्याचा मसालाच हवा, त्यांनी तो महिनाभराचाच करावा.

कांडपावर

भाजलेले जिन्नस पूर्ण गार झाल्याशिवाय कांडपाला नेऊ नका. पिठाच्या चक्कीत दळलेला मसाला हाताला चटका बसेल इतका तापतो आणि त्या तापाबरोबर धन्या-जिऱ्याचं तेल गिरणीतच उडून जातं. गिरणीत जो मस्त वास सुटतो तो आपल्या डब्यातून गेलेला असतो. मुसळाने कुटणारं कांडप यंत्र मसाला कमी तापवतं. त्यामुळे वेळ लागला, पैसे थोडे जास्त पडले तरी मसाला कांडपावरच कुटून घ्यावा आणि दळायचंच असेल तर हळद दळून घ्यावी. हळद आधी दळलेल्या चक्कीत मसाला टाकू नका, आणि आपल्या आधी कोणाचं काय कुटलं हे विचारायला लाजू नका. आदल्या गिऱ्हाइकाचं मागे राहिलेलं जुनं तिखट आपल्या मसाल्यात आलं तर त्याच्याबरोबर कीडही येते.

घरी आणल्यावर मसाला गरम असेल तोवर डबा भरायचा नाही. गरम मसाल्याची वाफ झाकणाला लागते, थेंब खाली पडतात आणि गोळ्यांची सुरुवात तिथून होते. परातीत पसरा, वर पातळ फडकं घाला, संध्याकाळपर्यंत गार होऊ द्या. पंखा लावू नका. वासही जातो आणि घरभर खोकला होतो.

डबा, जागा आणि मीठ

पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीतून वास आणि हवा दोन्ही जातात. मसाल्याची पिशवी ठेवलेल्या कपाटाला मसाल्याचा वास येतो, त्यावरूनच हे कळतं. चिनी मातीची बरणी उजेडाला उत्तम, पण तोंडाला नुसता दादरा बांधून चालणार नाही, कापडातून हवा येते-जाते. दादऱ्याखाली घट्ट झाकण हवं. स्टीलचा डबा उजेड रोखतो, मात्र आपले बहुतेक डबे हवाबंद नसतात; झाकण लावून डबा पाण्यात बुडवून बघा, बुडबुडे आले की उत्तर मिळालं. मला विचाराल तर रबराच्या चकतीच्या झाकणाच्या लहान काचेच्या बरण्या सर्वांत चांगल्या, आणि त्या अंधाऱ्या फडताळात. लोणच्याच्या बरण्या वापरायच्या तर झाकणं बदला. रबरातला लोणच्याचा वास कितीही धुतला तरी जात नाही.

मोठा डबा एक ठेवण्यापेक्षा पाव-पाव किलोच्या बरण्या करा. मसाला उलथन्याने दाबून, गच्च, काठोकाठ भरा. वर हिंगाचा खडा ठेवायची जुनी पद्धत चांगली आहे, चालू ठेवा. एका वेळी एकच बरणी उघडा. रोजच्या मिसळणाच्या डब्यात आठवड्याचा मसाला काढा आणि उकळत्या पातेल्यावर डबा झटकून मसाला घालायची सवय सोडा. पातेल्यातली वाफ सरळ डब्यात शिरते. ओल्या चमच्याबद्दल सगळ्यांना माहीत आहे, वाफेबद्दल कोणी बोलत नाही.

तिखटात मीठ मिसळावं की नाही यावर आमच्याकडे वाद होतात. उन्हाळ्यात मीठ गुणकारी आहे. पण हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठच हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि खडेमीठ तर त्याच्याही आधी पाझरू लागतं. आपल्याकडे उन्हाळाभर हवा कोरडी असली तरी श्रावणाच्या झडीत ही मर्यादा सहज ओलांडली जाते. तेव्हा मीठ घालायचंच तर बारीक मीठ कढईत कोरडं भाजून, आणि अगदी हवाबंद बरणीतच. झाकणाचा भरवसा नसेल तर मीठ घालू नका.

जागा कुठली? ज्यांची जुनी माळवदाची घरं आहेत त्यांनी खुशाल भिंतीतल्या खालच्या फडताळात बरण्या ठेवाव्यात. मे महिन्यातही तिथे गारवा असतो. पत्र्याच्या घरात माळ्यावर किंवा वरच्या फळीवर मसाला ठेवणं म्हणजे तो रोज दुपारी पुन्हा भाजणं आहे. तिथे सर्वांत खालचा, उत्तरेच्या भिंतीचा कप्पा निवडा. गॅसच्या वरची फळी हाताशी म्हणून सगळ्यांना आवडते आणि मसाल्याला तीच सर्वांत वाईट. फ्रीजच्या डोक्यावरही नको, तिथे ऊब असते.

फ्रीज असेल तर तिखट, खसखस आणि खोबरं यांना त्यात जागा द्यावी. बर्फाच्या कप्प्यात तर वर्षभराने काढलेल्या तिखटाचा रंगसुद्धा तसाच मिळतो. मसाल्यात पाणी जवळजवळ नसतंच, त्यामुळे तो गोठून दगड होत नाही. अट एकच. बरणी बाहेर काढली की खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडायचं नाही. गार मसाल्यावर बाहेरच्या दमट हवेतलं पाणी लगेच बसतं, आणि एवढ्या चुकीने सगळी मेहनत वाया जाते. रोज काढ-घाल करायची असेल तर फ्रीज नकोच. आठवड्याचं बाहेर, बाकीचं आत.

कीड आणि विषारी गोळ्या

धन्यात, हळकुंडात आणि मिरचीत तिळाएवढा तांबूस भुंगा होतो. तंबाखूच्या गोदामांतही हाच असतो. त्याची अंडी बहुतेक वेळा बाजारातूनच येतात, आपल्या घरात ती फक्त उबतात. हळकुंडाला टाचणीने पाडल्यासारखी गोल भोकं दिसली की तो आत आहे. अख्खा जिन्नस घट्ट पिशवीत घालून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवला तर अंड्यांसकट मरतो. फ्रीझर नसेल तर मेच्या कडक उन्हात काळ्या पत्र्यावर दिवसभर तापवा, मात्र हे धन्या-हळकुंडाला, मिरचीला नव्हे.

डाळीला लावतात ती बोरिक पावडर मसाल्यात घालू नका. आणि ज्वारीच्या कोठीत टाकायच्या विषारी गोळ्या, ज्यांतून वायू सुटतो, त्या मसाल्याच्या फडताळाजवळही फिरकू देऊ नका. माणसं राहतात त्या खोलीत या गोळ्या वापरून घरंच्या घरं दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. हे काही मसाल्यापुरतं सांगणं नाही.

येसराची गोष्ट वेगळी

लग्नघरी येसर-मेतकुटाचा मान असतो. भाजलेले गहू, हरभरा डाळ, कुठे ज्वारी, त्यात धने, मिरची आणि गरम मसाला. त्या पिठाची आमटी पंगतीला होते. लग्न उरकलं की चार-पाच किलो येसर उरतंच आणि आखाडभर घरात येसराची आमटी होते. चवीला कोणाची तक्रार नसते, पण येसर म्हणजे अर्धं पीठ, आणि पिठाला लागते ती जाळी यालाही लागते. येसर तीन महिन्यांच्या पुढे ठेवू नये. उरलेलं येसर पाहुण्यांच्या डब्यात घालून द्या, तीही रीतच आहे. पुन्हा करायचं तेव्हा भाजलेल्या धान्याचं पीठ वेगळं आणि मसाला वेगळा ठेवला तर आमटीच्या दिवशी दोन्ही एकत्र करता येतात आणि दोन्ही जास्त टिकतात.

वर्षाची वाटणी

समजा घरात चार-पाच माणसं आहेत आणि वर्षाला तीन किलो मसाला लागतो. चैत्र-वैशाखात दीड किलो कुटा. तो दिवाळीपर्यंत पुरवायचा. बाकीच्या मिरच्या देठासकट, कडक वाळवून, दुहेरी पिशवीत किंवा पत्र्याच्या घट्ट डब्यात ठेवा. धने, जिरं, लवंग, दालचिनी अख्खीच असू द्या. अख्खा मसाला नीट ठेवला तर दोन-दोन वर्षं वास सोडत नाही. पावसाळ्यात कांडप करू नये. हवेतली ओल कुटतानाच मसाल्यात शिरते. दिवाळी झाली, हवा कोरडी झाली, ऊन पुन्हा कडक वाटू लागलं की मिरच्यांना एक दिवस ऊन दाखवून उरलेला दीड किलो कुटा. तो पुढच्या यात्रेपर्यंत ताजा राहतो.

जुना मसाला शिल्लक असेल तर नव्यात मिसळू नका. वास गेलेला पण खवट नसलेला मसाला पिठल्याला, भरल्या वांग्याला थोडा जास्त घालून संपवता येतो. खवट झालेला फेकावा. बुरशीचा पांढरा किंवा हिरवा ठिपका दिसला तर वरचा थर काढून खालचा वापरायचा मोह टाळा. सगळी बरणी रिकामी करा आणि तो मसाला जनावरांच्या पेंडीतही घालू नका.

राहिली एक अडचण. आपल्याकडची बरीच कांडपं उन्हाळा संपला की बंद होतात. तेव्हा यंदा वैशाखात मिरच्या घेऊन जाल तेव्हाच कांडपवाल्याला विचारा, दिवाळीनंतर दोन दिवस यंत्र सुरू ठेवणार का म्हणून. गल्लीतल्या पाच-सहा घरांनी मिळून विचारलं तर तो नाही म्हणणार नाही.